धाव

निपाणीत, दोशींच्या बंद वखारीमागं,
जिथं वारं सुटलं की तंबाखूची भुकटी उडून
अख्खी टीम एकदमच शिंकायची,
तिथं आमचं कोर्ट. चुन्यानं आखलेलं, तीन खणांचं.
कडं विकत आणायला पैसे नव्हते.
गुंडू लोहारानं मोडक्या बैलगाडीची धाव कापली,
तापवली, वाकवली, वेल्डिंग मारून
दहा फुटांवर खांबाला चढवली.

चेंडू घेऊन धावायचं नाही, हा या खेळाचा पहिला नियम.
आणि वर धाव.
कुसनाळे सर एवढ्या एका गोष्टीवर
आठ वर्षं हसत राहिले.

सात जणी, सात पाट्या छातीवर.
नाझनीन मोमीन सेंटर, तिला सगळीकडं मुभा,
दोन अर्धवर्तुळं तेवढी सोडून.
शिवलीला कमते शूटर. उंच, गप्प,
नेम धरताना जीभ बाहेर.
मी डब्ल्यूडी.
शिंप्यानं डब्ल्यू उलटा शिवला.
धारवाडच्या पंचांनी विचारलं, एमडी ही कुठली जागा?
तेव्हापासून गल्लीत मी डॉक्टरीण.
आई विड्या वळता वळता म्हणायची,
डॉक्टरीणबाई, सुपातली पानं कापा आता.

हाका तीन भाषांत.
इकडं टाक की गं! इल्ली, इल्ली! अरी इधर!
चेंडूला सगळ्या कळायच्या.
हातात तीन सेकंद, त्यात व्याकरण कोण बघतंय.

एक्क्याण्णव. गोकाककडून हरलो, चार-एकोणीस.
ब्याण्णव. परत गोकाक, अकरा-तेरा.
येताना रडलो. सरांनी करदंटाचा एक पुडा
सात जणींत फोडला, स्वतः नुसता कागद चाटला.
चौऱ्याण्णव. विभागात पहिल्या.
पेपरात फोटो आला, त्यात मी नाही.
डाव्या कडेला एक कोपर आहे, तो माझा.

पंच्याण्णवची फायनल हुबळीत, दोन नोव्हेंबरला.
एक तारखेला अर्ध्या गावाला सण, अर्ध्याला काळा दिवस.
बस एकही नाही.
माजिदचाचाच्या कोंबड्यांच्या टेम्पोतनं निघालो
ते हत्तरगीपर्यंत. पुढं रस्त्यावर टायर जळत होते.
पोलीस म्हणाला, पुढं नाही, मागं नाही, इथंच ऱ्हावा.
ऱ्हायलो.
चेंडू आला की पाय रोवायचे,
आम्हाला दुसरं शिकवलं तरी काय होतं.
शिवलीलानं बाभळीच्या बेचक्यात नेम धरून
अंधार पडेपर्यंत बावीस घातले.
सरांनी ते वहीत लिहिले, तारीख-वारासकट.
हुबळीच्या कागदावर मात्र एकच शब्द,
गैरुहाजरु.
शब्द आपलाच, शेवटाला तेवढा उकार.

नंतर कुणी बंद केलं असं नाही.
नाझनीनला मिरजेत दिली.
शिवलीला बेळगावात नर्स झाली.
विभाग नव्यानं पाडले, तसं पत्र आलं,
सरांनी दोनदा वाचलं, खाली-वर बघितलं,
यादीत आमचा विभागच नव्हता.
पत्र वहीत घातलं. वही कुठं आहे
ते आता त्यांनाही सांगता येत नाही,
मला बघून फक्त म्हणतात, एमडी ना तू?

वखारीचं कार्यालय झालंय.
परवा भाचीच्या साखरपुड्याला गेले.
खांब आहे. मांडववाल्यानं धावेला
लाइटच्या माळा अडकवल्यात.
भाची म्हणाली, मावशी, तू किती गोल मारलेस?
एकबी नाही.
मला त्या अर्धवर्तुळात जायचीच बंदी होती, म्हटलं,
पण तोवर ती फोटोला गेली होती.

पंगत बसली. मठ्ठ्याचं भांडं माझ्या हातात.
वाढत वाढत गेले आणि एका जागी
पाय आपसूक थांबले.
फरशीखाली चुन्याची रेघ असणार, तिथंच.
पलीकडं कुणाची तरी सून उभी होती, ओळख ना पाळख.
तिला म्हटलं, धर गं,
इथनं पुढं तू.